खोगीर चढविताना चावणारा घोडा

भीमा नदीच्या दोन्ही थडींवर घोडे बाळगण्याची चाल फार जुनी आहे. उजनी धरणाचे काम १९६६ साली सुरू होऊन १९८० साली पुरे झाले, नदीकाठची कुरणे व मळईच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि माढा, करमाळा व पलीकडील इंदापूर तालुक्यांतील काठच्या गावांचा पुष्कळसा व्यवहार ऊस, केळी व मासेमारी यांकडे वळला. तथापि घोडा ह्या गावांतून नाहीसा झालेला नाही. मेंढपाळांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी तट्टे आहेत, लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने दिली जाणारी घोडी आहे आणि केवळ हौसेने बाळगलेली जनावरेही आहेत. ह्यांपैकी लादणीच्या कामाला वापरले जाणारे काटक तट्टू बहुधा भीमथडी जातीचे असते. त्याची उंची खांद्यापाशी सुमारे १३० सेंटिमीटर, म्हणजे सव्वाचार फुटांच्या आसपास भरते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३ साली ज्या नव्या जातींची नोंद केली, त्यांत भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झालेली आहे. जातीची नोंद झाली हे चांगलेच झाले. परंतु जातिवंत जनावरसुद्धा नीट वागविले नाही तर बिघडते, आणि बिघडलेल्या घोड्याची सर्वांत सामान्य खोड म्हणजे चावणे ही होय.

घोडेमालकांकडून ऐकू येणारी तक्रार बहुधा एकाच प्रकारची असते. एरवी घोडा गरीब आहे, मुले त्याच्या पायांतून जातात, पण खोगीर आणले की कान पाडतो आणि तंग आवळताना मान वळवून दंडाचा नाहीतर मांडीचा चावा घेतो. ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पूर्ण वाढ झालेल्या घोड्याला पुढे वर सहा व खाली सहा असे बारा पटाशीचे दात असतात आणि जबड्याची शक्ती मोठी असते. कुत्र्याचा चावा कातडी फाडतो; घोड्याचा चावा कातडीखालील मांस व हाड चेचतो. बोट सापडले तर ते तुटू शकते. शिवाय मेंढपाळ कुटुंबात पहाटे तट्टू लादण्याचे काम पुष्कळदा स्त्रिया करतात व दावे धरण्यास एखादे पोर उभे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या खोडीचे गांभीर्य कळून येईल. घोड्याच्या बाजूनेही ही गोष्ट वाईटच ठरते. चावरा म्हणून नाव पडलेल्या जनावरास रोज मार बसतो, मग ते कमी किमतीत विकले जाते, नवा मालकही त्याला मारतो, आणि मूळ कारण मात्र त्याच्या पाठीवर तसेच राहते.

मूळ कारण पाठीवर राहते असे म्हटले ते शब्दशः घ्यावे. जो घोडा सर्व वेळी व सर्वांनाच चावतो त्याची गोष्ट निराळी आहे. परंतु जो केवळ खोगीर चढविताना किंवा तंग ओढतानाच चावतो, त्याच्या बाबतीत दोष आधी खोगिरात, तंगात, पाठीत, तोंडात व पोटात शोधावा आणि तेथे काही न सापडल्यासच स्वभावाकडे वळावे. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो.

घोडा चावण्यापूर्वी काय सांगतो

घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे. कळपात तो ओरडून भांडत नाही. कान, मान, शेपटी व ओठ यांच्या हालचालींनी दुसऱ्याला सूचना देतो. मोठी घोडी दांडग्या शिंगराला वळण लावते तेव्हा प्रथम कान मागे चिकटविते, मग मान लांबविते, मग दात नुसते दाखविते, आणि इतके करूनही शिंगरू हटले नाही तरच चावते. मनुष्याशीही घोडा ह्याच भाषेत बोलतो. खोगीर घेऊन येणारा माणूस दिसताच कान मागे जाणे, नाकपुडीवर सुरकुती पडणे, ओठ आवळणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागणे, माशी नसताना शेपटी झाडणे, श्वास रोखून छाती फुगविणे ह्या सर्व सूचनाच होत. मालक त्यांकडे दुर्लक्ष करून रोज काम रेटीत राहतो, तेव्हा घोड्यास अनुभवाने कळून येते की आधीच्या सूचनांचा उपयोग नाही, चावल्यावर मात्र माणूस दूर होतो. मग तो सूचना देणेच सोडून देतो. "काही कळू न देता एकदम चावला" असे ज्या घोड्याविषयी सांगतात, त्याने बहुधा अनेक महिने अगोदर सांगून पाहिलेले असते.

म्हणून पहिली तपासणी डोळ्यांनी करावी. दोन दिवस घोड्याला न मारता, न ओरडता, खोगीर चढविण्याच्या प्रत्येक पायरीला तो काय करतो ते पाहावे. खोगीर नुसते दिसताच कान पडतात, की पाठीवर ठेवल्यावर, की तंग आवळताना, की लगाम तोंडाजवळ नेल्यावर, हे ठरले म्हणजे शोधाचे निम्मे काम झाले.

पाठ व खोगीर

घोडा मोकळा उभा करून, दुसऱ्या माणसाने म्होरकी धरली असता, आपल्या हाताची बोटे जुळवून आयाळीच्या बुडापासून कमरेपर्यंत पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांनी सारख्या दाबाने फिरवावीत. कणा सोडून दोन बोटे खाली, प्रथम डावी बाजू व मग उजवी बाजू पाहावी. निरोगी घोडा उभा राहतो, फार तर कातडी थरथरविते. जेथे दुखत असेल तेथे तो पाठ खाली दाबून घेतो, मान वर उचलतो, किंवा हात तेथे पोचण्यापूर्वीच कान पाडतो. बोटाखाली उष्णता, सूज, खवले किंवा कडक गाठ लागते का तेही पाहावे. उघडी जखम कोणासही दिसते. परंतु कातडी न फाटता आत मांस दुखावलेले असते तेव्हा वरून काहीच दिसत नाही, आणि असेच घोडे विनाकारण चावरे ठरतात.

पाठीवर किंवा खांद्यांच्या मधल्या उंचवट्यावर पांढऱ्या केसांचे ठिपके असल्यास तेथे पूर्वी खोगीर लागून जखम झाली होती असे समजावे. केसांची मुळे दुखावली म्हणजे पुन्हा येणारा केस पांढरा येतो. काही मालक ह्या ठिपक्यांना शुभलक्षण मानतात. ते खोगिराच्या दोषाचे लक्षण आहे.

खोगिराचा मुख्य नियम असा की सर्व भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर पडला पाहिजे, कण्यावर नव्हे. म्हणून खोगिराच्या किंवा लादणीच्या गादीच्या खालच्या अंगाला दोन वेगळ्या उशा हव्यात आणि त्यांच्यामध्ये कण्याच्या रेषेत मोकळी नळी राहिली पाहिजे. पुढच्या बाजूस खोगिराची कमान व खांद्यांच्या मधला उंचवटा यांत, स्वार बसल्यावर किंवा ओझे चढविल्यावरही, दोन ते तीन बोटे सहज जावीत. रिकाम्या खोगिराखाली बोटे जातात म्हणून समाधान मानू नये. ओझे पडल्यावर कमान खाली बसते. ही केवळ जाणत्यांची सूचना नाही, कायद्याचीही अपेक्षा आहे. ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांत, खोगिराची कमान व घोड्याच्या खांद्याचा उंचवटा यांत पुरेसे अंतर न ठेवता खोगीर घालण्यास मनाई केलेली आहे.

मराठीत 'खोगीरभरती' हा शब्द आपण निरुपयोगी भरताडाला वापरतो. घोड्याचे मत घेतले असते तर ह्या शब्दाला असा अर्थ चिकटला नसता. खोगिरातील भरती हीच त्याच्या पाठीचे रक्षण करते. ती घामाने भिजते, वाळते, पुन्हा भिजते आणि काही महिन्यांत तिच्या दगडासारख्या गाठी बनतात. वर्षातून निदान दोनदा, आणि पावसात भिजल्यास लगेच, शिवण उसवून भरती बाहेर काढावी, उन्हात वाळवावी, हाताने पिंजावी व गाठी फेकून देऊन नवी लोकर अगर मऊ काथ्या घालून सारखी भरावी. ज्यांच्या घरी मेंढ्या आहेत त्यांना लोकर विकत आणावी लागत नाही.

खोगिराखाली घालावयाच्या घोंगडीकडे तर फारच दुर्लक्ष होते. रात्री तीच घोंगडी जमिनीवर अंथरली जाते आणि पहाटे तशीच उचलून घोड्याच्या पाठीवर टाकली जाते. आपल्या भागातील माळांवर कुसळी गवत व सराटे यांची उणीव नाही. घोंगडीच्या धाग्यांत अडकलेले एकच कुसळ वर ओझे चढल्यावर कातडीत टोचत राहते, आणि प्रत्येक पावलागणिक खोल जाते. घोंगडी रोज झटकून, तिच्यावरून उलटा तळहात फिरवून पाहावी; माणसाच्या हाताला जे टोचते ते घोड्याच्या पाठीलाही टोचतेच. तिच्या व कातडीच्या मध्ये जुन्या सुती लुगड्याची एक घडी घातल्यास फार चांगले. घडी घालताना सुरकुती राहू देऊ नये, आणि अंथरलेले कापड पुढून मागे, म्हणजे केसांच्या वळणाने सरकवून बसवावे. मागून पुढे ओढल्यास केस उलटे होऊन दिवसभर डिवचले जातात.

खोगिराचा दोष कोठे आहे हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे, आणि तिला काहीच खर्च येत नाही. काम करून घामाघूम झालेल्या घोड्याचे खोगीर उतरताच पाठीकडे पाहावे. जेथे खोगीर सारखे टेकले तेथील केस सारखे ओले दिसतात. ओल्या भागात मध्येच रुपयाएवढा किंवा तळहाताएवढा कोरडा ठिपका दिसला, तर त्या जागी दाब इतका अधिक पडला की घामही सुटू शकला नाही असे समजावे. खोगिराच्या त्याच जागी गाठ, खिळा अगर वाकलेले लाकूड सापडेल.

ओझ्याचा विचारही येथेच करावयास हवा. वरील १९६५ च्या नियमांप्रमाणे तट्टावर ७० किलोग्रॅमपेक्षा अधिक ओझे लादता येत नाही. दोन्ही बाजूंची पडशी सारख्या वजनाची असावी. एका बाजूला भांडी व दुसऱ्या बाजूला कोकरू अशी वाटणी झाली म्हणजे गादी वाटेत एका अंगाला सरकते आणि तिची कड कण्यावर चढते.

तंगाची जखम

करमाळा तालुक्यात जलाशयाच्या काठी, पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीजवळ उतरलेल्या एका वाड्यावर, आठ वर्षे वयाची एक घोडी प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आली. तिने पंधरा दिवसांत घरातील दोघांना चावा घेतला होता. पाठीला दोष नव्हता. गादी उत्तम होती. परंतु पुढचा डावा पाय उचलून पुढे ओढताच कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या अंगाला, केस झडलेला एक ओलसर पट्टा दिसला. तंग म्हणून नायलॉनची दोरी वापरली जात होती. जुना सुती तंग झिजला तेव्हा बाजारात मिळाली ती दोरी आणली, एवढेच कारण. दोरी बारीक असल्याने कातडीत रुतत होती, आणि ती खाली असल्याने जखम कोणाच्या नजरेस पडत नव्हती. नवारीचा चार इंच रुंद पट्टा शिवून घेतला, जखम भरेपर्यंत सुमारे तीन आठवडे घोडीवर काही लादले नाही, आणि बिऱ्हाड दुसऱ्या तट्टावर वाटून दिले. त्यानंतर घोडीने चावा घेतला नाही, मात्र पट्टा पोटाखालून घेताना ती पुढे कित्येक दिवस कान पाडीतच होती. वेदना गेली तरी तिची आठवण मागे राहते. तिचा विचार पुढे केला आहे.

तंग चार ते पाच इंच रुंद, मऊ व सुती असावा. तो कोपराला अगदी चिकटून न घेता सुमारे चार बोटे मागे घ्यावा. एका हिसक्यात पूर्ण आवळू नये. प्रथम खोगीर सरकणार नाही इतकाच बांधावा, घोडा दहा-वीस पावले चालवावा, मग एक छिद्र आवळावे, आणि निघण्याच्या वेळी उरलेला ताण द्यावा. घोडा छाती फुगवितो म्हणून पोटात गुडघा मारून तंग ओढण्याची जी रीत काही ठिकाणी दिसते, ती चावरा घोडा तयार करण्याची हमखास रीत आहे. आवळून झाल्यावर पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ओढावेत, म्हणजे तंगाखाली दुमडलेली कातडी सरळ होते. मुक्कामावर पोचल्यानंतर तंग सैल करून थोडा वेळ खोगीर तसेच राहू द्यावे व मग उतरावे. दाबाखाली राहिलेल्या कातडीत रक्त हळूहळू परत येऊ द्यावे.

जखम झालीच असेल तर सर्वांत मोठे औषध म्हणजे विश्रांती. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड ते दोन चहाचे चमचे, मीठ घालून त्या पाण्याने जखम धुवावी व माश्यांपासून जपावी. जळके तेल, बॅटरीतील आम्ल किंवा चुना लावू नये, आणि डाग तर मुळीच देऊ नये. घोड्यास धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून त्याची लस पशुवैद्यकांकडून टोचून घेतलेली असावी. जखम खोल, दुर्गंधीयुक्त किंवा आठवड्यात न सुकणारी असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे अगर १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

तोंड व पोट

लगाम चढवितानाच जो घोडा चावतो त्याचे तोंड पशुवैद्यकांकडून पाहून घ्यावे. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हळूहळू वर येत राहतात व चघळण्याने झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरील कडा व खालच्या दाढांच्या आतील कडा धारदार होतात आणि गाल व जीभ यांस कापतात. अशा तोंडात लोखंडी लगाम गेला म्हणजे काय होत असेल ते सांगावयास नको. वैरण अर्धवट चावून गोळ्याच्या रूपाने टाकून देणे, दाण्याचे अख्खे कण लिदीत दिसणे, तोंडाला वास येणे ही त्याची लक्षणे होत. कानस लावून दाढांच्या कडा गुळगुळीत करणे हे काम पशुवैद्यकांचे आहे. गावातील लोहाराची कानस तेथे चालवू नये. काटे असलेला लगाम वापरणे तर नियमाने निषिद्धच आहे.

पोटाचे कारण लवकर ध्यानात येत नाही. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असून त्यात आम्ल सतत पाझरत असते, कारण दिवसाचा बहुतेक वेळ थोडेथोडे चरत राहावे अशीच त्याची घडण आहे. घोडा तासन् तास उपाशी बांधून ठेवला व एकदम भरपूर दाणा दिला, तर जठराला व्रण पडतात आणि तंग आवळताच पोटात कळ येते. वरातीच्या घोड्यांच्या वाट्याला हे विशेष येते. संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत उभे राहणे, कर्ण्यांचा आवाज, फटाके, आणि तोबरा शेवटी एकदाच. अशा घोड्याला कामापूर्वी थोडी कडब्याची कुट्टी किंवा वाळके गवत द्यावे व दाणा दोन-तीन वेळा विभागून द्यावा. उजनीच्या लाभक्षेत्रात उसाचे वाढे मुबलक मिळतात, म्हणून हंगामात काही जण घोडा केवळ वाढ्यांवर ठेवतात. वाढ्यांत ऑक्झलेट असते व ते चुनखडीतत्त्व बांधून ठेवते, त्यामुळे दीर्घकाळ एवढेच खाल्ल्यास घोड्याची हाडे अशक्त व दुखरी होऊ शकतात. वाढ्यांबरोबर लसूणघास, कडबा व पशुवैद्यकांच्या सल्ल्याने क्षारमिश्रण द्यावे.

सवयीने चावणारा घोडा

वरील सर्व पाहूनही दोष न सापडल्यास, किंवा दोष दूर झाल्यावरही चावणे न थांबल्यास, ती सवय आहे असे धरून चालावे. सवयींतही प्रकार आहेत. हातातून गूळ, भाकरी, शेंगा खाऊ घातलेले शिंगरू हाताचा वास घेत खिसे चाचपू लागते आणि काही न मिळाल्यास बोट धरते. लहानपणी त्याचे कौतुक होते, तीन वर्षांचे झाल्यावर त्याच गोष्टीसाठी मार बसतो. खाऊ हातातून न देता घमेल्यात किंवा तोबऱ्यात द्यावा, एवढ्याने पुष्कळ घोडे सुधारतात. तरुण वळू खेळकरपणे चावा घेतात व माजावर आलेली घोडी जवळ असता त्यांना आवरणे अवघड जाते. पैदाशीसाठी न ठेवावयाचा वळू वेळेवर पशुवैद्यकांकडून खच्ची करून घेणे इष्ट होय; मात्र सवय मुरल्यानंतर केलेल्या खच्चीकरणाने चावणे थांबेलच अशी अपेक्षा धरू नये.

भीतीने किंवा जुन्या वेदनेच्या आठवणीने चावणारा घोडा सुधारताना एक गोष्ट समजून घ्यावी लागते. घोडा दात दाखवितो, आपण घाबरून खोगीर मागे घेतो, आणि त्याच क्षणी घोडा धडा शिकतो की दात दाखविले म्हणजे खोगीर जाते. हा हिशेब उलटा करावयाचा आहे. तो शांत उभा असताना खोगीर जावे, दात दाखविताना जाऊ नये.

त्यासाठी प्रथम खोगीर न घेता केवळ दुमडलेले कापड घ्यावे. घोड्याला नाकासमोर अगदी जवळचे व शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही, म्हणून डाव्या खांद्याच्या बाजूने, हलक्या आवाजात बोलत जावे. कापड खांद्याला लावावे. त्याने कान पाडले तर हात तेथेच स्थिर ठेवावा, पुढे रेटू नये व मागेही घेऊ नये. कान क्षणभर सैल झाले, श्वास सुटला, मान खाली आली की लगेच कापड काढून घ्यावे व आयाळीच्या बुडाशी खाजवावे. घोडे एकमेकांना तेथेच खाजवितात व त्याने त्यांचे मन निवते. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे असे करीत कापड पाठीपर्यंत, मग कापडाऐवजी घोंगडी, मग बिनतंगाचे खोगीर, मग सैल तंग, अशी चाल ठेवावी. एक पायरी शांतपणे पार पडल्याखेरीज पुढची घेऊ नये. काही घोड्यांना ह्यास आठवडा लागतो, काहींना दोन महिने. घाईच्या दिवशी, म्हणजे वाडा हलविण्याच्या पहाटे, हा अभ्यास करू नये.

ह्या काळात माणसाची सुरक्षितता सांभाळावी. घोडा ओढताच सुटणाऱ्या गाठीने, छातीच्या उंचीवर, आखूड दाव्याने बांधावा किंवा जाणत्या माणसाने म्होरकीपाशी धरावा. खोगीर चढविणाऱ्याने घोड्याच्या खांद्याला लागून, तोंडाकडे थोडे वळून उभे राहावे व डावे कोपर वर उचललेले ठेवावे. घोड्याने मान फिरविली तर त्याचा गाल आपोआप कोपरावर येतो. आपण त्याला मारलेले नसते, तोच अडलेला असतो. दावे धरणाऱ्याने व खोगीर चढविणाऱ्याने घोड्याच्या एकाच अंगाला असावे. पोरांना हे काम देऊ नये. अगदीच अनावर घोड्याला बैलासारखे दोरीच्या जाळीचे मुसके तेवढ्यापुरते घालण्यास हरकत नाही, परंतु मुसके हा उपाय नव्हे, तो केवळ आडोसा आहे.

शिक्षेसंबंधी स्पष्ट लिहिणे भाग आहे. चावल्यानंतर लगेच, एक-दोन क्षणांच्या आत, मोठ्याने दटावणे व म्होरकी धरून चार पावले मागे ढकलणे एवढी शिक्षा घोड्याला समजते. काठी शोधून आणून दिलेला मार कशासाठी आहे हे त्याला कळत नाही. तोंडावर मारल्याने तर तो प्रत्येक उठलेल्या हाताला भिऊ लागतो, आणि चावून झटकन मान मागे घेण्याची कला शिकतो. वरच्या ओठाला दोरीचा फास घालून पिळण्याची रीत पशुवैद्यकांनी उपचारापुरती वापरावी. रोजच्या खोगिरासाठी ती वापरणाऱ्यास लवकरच ओठालाही हात लावू न देणारा घोडा मिळतो.

एक महत्त्वाचा अपवाद

शांत स्वभावाचा घोडा कोणतेही कारण नसताना एक-दोन दिवसांत एकाएकी चावरा झाला, दावे, दगड, लाकूड असे दिसेल त्याला चावू लागला, त्याला गिळता येईना, लाळ गळू लागली किंवा मागचे पाय लटपटू लागले, तर वरील कोणताही उपाय करीत बसू नये. पिसाळलेल्या कुत्र्याच्या किंवा कोल्ह्याच्या चाव्यातून घोड्यासही रेबीज होतो. घशात काही अडकले असेल अशा समजुतीने तोंडात हात घालण्याची चूक करू नये. घोडा वेगळा ठेवून पशुवैद्यकांना ताबडतोब बोलवावे.

कोणत्याही घोड्याने माणसास चावा घेतल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, तंबाखू वा तिखट दाबू नये, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या व आवश्यक तर रेबीजच्या लसीबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. कातडी फाटली नाही, नुसते काळेनिळे झाले आहे, म्हणून स्वस्थ बसू नये. आतले हाड मोडलेले असू शकते.

घोडा विकत घेताना

दिवाळीच्या सुमारास अकलूजला भरणाऱ्या घोडेबाजारात ह्या काठची पुष्कळ मंडळी जातात. विक्रीस आणलेला चावरा घोडा ओळखणे सोपे नसते, कारण विकणारा तो आधीच खोगीर कसून, झूल घालून उभा करतो व चाल दाखवितो. चाल अवश्य पाहावी, परंतु नंतर झूल, खोगीर व खालचे कापड सर्व उतरवावयास सांगावे. पाठीवरचे पांढरे केस पाहावेत, पाठीवरून व कोपरामागून हात फिरवावा, खोगिराची भरती उलटून पाहावी. मग घोड्याला थोडा वेळ मोकळा उभा ठेवून, विकणाऱ्याच्याच माणसाकडून खोगीर पुन्हा चढवून घ्यावे आणि आपण बाजूस उभे राहून घोड्याच्या कानांकडे पाहावे. त्या माणसाच्या दंडाकडेही एक नजर टाकण्यास हरकत नाही. शक्य तर दुसऱ्या दिवशी पहाटे, गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी व घोड्यावर काही चढविलेले नसताना, न सांगता पुन्हा जाऊन हीच पाहणी करावी.